तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, त्या दिवशी जिन्यात घाईघाईत नुसतं थँक्यू म्हटलं, ते मला पुरेसं वाटत नाहीये म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

रोज संध्याकाळी 7 ते 9 माझा दहावीच्या गणिताचा ऑनलाइन क्लास, आणि नेमकं तेव्हाच नेट अडकायचं, पोरं म्हणायची मॅडम आवाज तुटतोय. कोणीतरी सांगितलं ट्रेसर्ट मार म्हणून मारलं (लॅपटॉपवरची कमांड, सर्व्हरपर्यंतच्या वाटेतला एकेक राउटर, म्हणजे डेटा पुढे पाठवणारं यंत्र, आणि त्याचं उत्तर यायला लागलेला वेळ एकेका ओळीत दाखवते), तर तिसऱ्या ओळीवर तीन स्टार, म्हणजे उत्तरच नाही, आणि सहाव्यावर 180 मिलिसेकंद, मी तेच धरून कस्टमर केअरशी दोनदा भांडले. तुम्ही स्क्रीनशॉट बघून एवढंच विचारलंत, "अगं, स्टारच्या पुढच्या ओळी येतायत ना? मग तिथून पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, पुढे गेलंच की."

मग तुम्ही कागदावर काढून दाखवलंत, की प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो, वाटेतला प्रत्येक राउटर त्यातला एक कमी करतो, ज्याच्याकडे शून्य होतो तो पाकीट टाकून देतो आणि तसं कळवतो, म्हणून 1, 2, 3 करत पाठवलं की एकेक राउटर कळत जातो. पण हे कळवणं त्याच्यासाठी बिनमहत्त्वाचं काम, काही राउटर उशिरा उत्तर देतात, काही देतच नाहीत. सहाव्यावर 180 आणि सातव्यावर परत 14, म्हणजे सहावा फक्त उत्तर द्यायला आळशी. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं!

खरी गोम पहिल्या ओळीत होती, 192.168.1.1, घरातलाच राउटर, आणि तिथेच कधी 2 कधी 240. वायफाय सोडून लॅपटॉपला वायर लावली, पहिली ओळ 1 च्या खाली आली. तरी संध्याकाळी चौथ्या ओळीपासून 140, आणि तो शेवटपर्यंत तसाच! तुम्ही म्हणालात आता बोल कंपनीशी. साताऱ्याहून मुंबईचा सर्व्हर, फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण 200 किलोमीटर जातो, जाऊन येऊन तीनेक, वळसे धरून दहा-पंधरा, 140 अंतरामुळे होऊच शकत नाही. आणि तक्रारीत चौथा राउटर खराब असं लिहू नकोस म्हणालात, कारण परतीचा रस्ता वेगळा असू शकतो आणि तो या यादीत दिसतच नाही, लिहायचं ते एवढंच की चौथ्यापासून शेवटपर्यंत वेळ वाढलाय, सोबत सकाळ 10 आणि रात्री 8 चं दोन्ही जोडायचं. तसंच पाठवलं, आणि या वेळी "मोडेम बंद करून चालू करा" असं कोणी म्हणालं नाही, थेट वरच्या टीमकडे गेलं आणि चार दिवसांत सुटलं. काल रात्री 8 ला शेवटची ओळ 13.

बोर्डाच्या परीक्षेआधीचे दोन महिने वाचले काका, 22 पोरांचे. परवा वहिनीने सांगलीहून घाबरून स्क्रीनशॉट पाठवला, पाचव्या ओळीवर तीन स्टार, आणि मी तुमच्याच आवाजात विचारलं, "अगं, पुढच्या ओळी येतायत ना?"