ते यंत्र आधी भिंतीला परत लाव

अमळनेर,
संक्रांतीनंतरचा रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद. काल गॅसच्या बिलावरून मी तुला बोलायला नको होतं. इंग्लंडात, लीड्सच्या थंडीत लेकरू घेऊन तू राहतेस, आणि मी इथे पाठीला ऊन घेत हिशेब सांगतो.

घर तापवणाऱ्या गॅसच्या बॉयलरवर दोन बटणं आहेत. रेडिएटरचं चित्र असलेलं 75 वर आहे म्हणालीस, ते 60 वर आण. कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता परत घेतो, पण रेडिएटरांतून फिरून येणारं पाणी साधारण 55 अंशांच्या खाली असेल तरच. नाहीतर वाफ तशीच बाहेर जाते. घर सावकाश तापेल, म्हणून टायमर अर्धा तास आधीचा लाव. फारच कडाका पडला तर 65. नळाचं बटण 50 ला पुरे. तुमच्याकडे साठवणीची टाकी नाही. टाकी असती तर जंतूंसाठी 60 च ठेवावं लागलं असतं.

खोलीचा थर्मोस्टॅट 19 वर. तो 25 केल्यानं घर लवकर तापत नाही, नुसतं जास्त तापतं, जावईबापूंनाही सांग. पिल्लाच्या खोलीत 16 ते 20 अंश असू दे.

आणि ते कार्बन मोनॉक्साइडचं, म्हणजे जळणातून होणाऱ्या विषारी वायूची सूचना देणारं यंत्र. टुक् टुक् करतं म्हणून काढून ठेवलंस. थांबून थांबून एकच टुक् म्हणजे सेल संपला किंवा यंत्राचं आयुष्य संपलं. लाव ते. पुन्हा तेच सांगतो, रागावू नकोस.

बॉयलर गार असताना पाण्याच्या दाबाचा काटा 1 ते 1.5 बारवर हवा. दर आठवड्याला उतरत असेल तर नुसतं पाणी भरत बसू नकोस. कुठेतरी गळती असेल, नाहीतर एक्स्पान्शन व्हेसलमधली, म्हणजे तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या डब्यातली, हवा गेली असेल. रेडिएटरची हवा तू स्वतः किल्लीनं काढलीस, हे मी गल्लीभर सांगितलंय. हवा काढल्यावर काटा मात्र बघत जा.

नानांचा तांब्याचा बंब आठवतो? तू पऱ्हाट्या मोडून द्यायचीस. कितीही थंडी असो, मोरीत दार लावून त्यांनी तो कधी पेटवू दिला नाही, अंगणातच. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. घरात सगळ्यांचं एकदम डोकं दुखलं, मळमळलं, तर बॉयलर बंद, खिडक्या उघड्या, लेकरू घेऊन बाहेर. मग गॅसच्या आणीबाणीच्या नंबरवर फोन, 0800 111 999.

ऑक्टोबर 2022 पासून तिथे हे यंत्र देणं घरमालकाचं काम आहे. वर्षाची तपासणीही त्याचीच, आणि ती गॅस सेफच्या, म्हणजे गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीतल्या माणसाकडूनच. तपासणीचा कागद मागून घे. भिडेला पडू नकोस.

झालं भाषण. आजी म्हणते, जपीसन ऱ्हाय. आईला मी यंत्राचं काही बोललो नाही.

यंत्राच्या पाठीमागे तारीख छापलेली असते. आज रात्रीच फोटो पाठव.

तुझे,
पप्पा