वीतभर जागा

प्रिय वैजू,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर लिहायला त्याच रात्री बसले होते, पण चार ओळींच्या पुढे हात सरकेना. गाडीच्या अपघातातून वाचलीस म्हणून तुला भेटायला येणारा जो तो म्हणतो, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. आणि तू लिहितेस, "मग माझ्या शेजारी बसलेल्याची वेळ आली होती, असंच ना? ती कुणी ठरवली?"

त्याचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. तुला ते वाचवणार नाही, आणि मलाही लिहवत नाही. पण तुझ्या प्रश्नाला टाळून काहीतरी गोडगोड लिहिणं माझ्याने होणार नाही. मला येतं ते भौतिकशास्त्र. इतकी वर्षं मुलांना वेग आणि त्वरण शिकवलं, तेच या आठ दिवसांत पुन्हा तुझ्यासाठी उघडून बसले.

तुला सांगितलं नव्हतं, गाडी जिथे ओढून नेऊन ठेवली आहे तिथे मी जाऊन आले. तुझी पर्स आणायला गेले होते. तुझ्या बाजूचा सीटचा पट्टा मी हातात घेऊन पाहिला. खांद्याजवळच्या कडीतून तो खाली येतो ना, तिथे वीतभर पट्टा चकाकत होता. घासून, तापून धागे एकमेकांना चिकटले होते. बाकीचा पट्टा मऊ होता, तेवढाच भाग बोटांना कडक लागला. तुझ्या खांद्यापासून बरगड्यांवर तिरका उतरलेला तो काळानिळा वळ मी दवाखान्यात पाहिला होता. दोन्ही खुणा एकाच क्षणात उमटलेल्या.

आता हिशेब बघ. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबणं म्हणजे सुमारे १४ मीटरवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून खाली पडणं. तेवढा वेग अंगातून काढून टाकायला किती जागा मिळाली, यावर सगळं ठरतं. उंचीला त्या अंतराने भागायचं. गाडीचं नाक चेपलं, पट्टा ताणला गेला, असं मिळून तुला ७० सेंटीमीटर मिळाले असं धर. १४ भागिले पाऊण मीटरच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या वजनाच्या साधारण २० पट मार. बरगड्या मोडतात, माणूस राहतो. पट्टा नसता, तर तू समोर जाऊन आदळली असतीस आणि थांबायला ७ सेंटीमीटर मिळाले असते. तोच मार २०० पट.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडणारा माणूस स्वतः अपघातातून वाचलेला होता, म्हणून त्याच्याबद्दल सांगते. ह्यू डी हेवन. १९१७ मध्ये विमान चालवायला शिकत असताना हवेतच दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. पोटातली इंद्रियं फाटली, तरी तो जगला. "नशीब म्हणून वाचलास," एवढ्या उत्तरावर त्याचं समाधान झालं नाही. आपण बसलो होतो ती जागा फारशी चेपली नव्हती आणि पोटाची जखम झाली ती पट्ट्याच्या टोकदार बक्कलमुळे, हे त्याने पडल्यापडल्या हेरलं होतं. पुढे त्याने उंचावरून पडूनही वाचलेल्या लोकांची माहिती जमवली आणि १९४२ साली ५० ते १५० फुटांवरून पडलेल्या आठ जणांवर निबंध लिहिला. कुणी भुसभुशीत मातीत पडलेलं, तिथे फक्त काही इंचांचा खड्डा. काही इंच, वैजू! जगायला तेवढे पुरले होते. अगदी क्षणभरच असेल आणि अंगावर आडवा पसरून बसला, तर माणूस २०० पट मारही सोसू शकतो, असं त्याने लिहिलं. पुढे तो सांगत असे की फुटणाऱ्या नाजूक वस्तू आपण जशा खोक्यात भरून पाठवतो तसं माणसाला गाडीत बसवायला हवं. खोकं चेपता कामा नये, उघडता कामा नये, आणि आतली वस्तू हलता कामा नये.

जॉन पॉल स्टॅप नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरने तर स्वतःलाच खोक्यात घातलं. १० डिसेंबर १९५४ रोजी तो रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर बसून ताशी एक हजार किलोमीटरच्या पुढे गेला आणि १.४ सेकंदांत थांबला. ४६ पट मार. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेना, पण दृष्टी परत आली. मग हाच माणूस मोटारींत पट्टे हवेत म्हणून सरकारच्या मागे लागला. १९५९ साली नील्स बोलीनने व्होल्वोसाठी तीन जागी अडकणारा पट्टा बनवला, आणि कंपनीने तो इतर कंपन्यांना वापरायला खुला ठेवला. त्याची खुबी इतकीच की मार पोटावर न येता कमरेच्या हाडावर आणि बरगड्यांवर, म्हणजे मजबूत ठिकाणी पसरतो. तुझा वळ ज्या रेषेत आहे, ती रेषा बोलीनची आहे.

आता त्याच्याबद्दल. हे लिहिताना मी दोनदा उठून आले.

त्यानेही पट्टा लावला होता. त्याच्या पट्ट्यावरही तसाच चकाकता डाग आहे, मी पाहिला. पण गाडी तिरकी जाऊन त्याच्या बाजूने झाडावर आदळली आणि बुंधा दारातून आत आला. पट्टा समोरचा मार वाटून देतो. बाजूने आत आलेल्या झाडापुढे तो काही करू शकत नाही. खोकं चेपलं, आणि ते त्याच्या बाजूने चेपलं. तुझ्या बाजूला जगण्यापुरती जागा शिल्लक राहिली, त्याच्या बाजूला नाही. मी तिथे उभी राहून हाताने मोजलं, तुझ्या सीटच्या कडेपासून आत घुसलेल्या पत्र्यापर्यंत एक वीत आणि वर चार बोटं.

अपघातात टकरा तीन होतात. गाडी झाडावर, शरीर गाडीवर, आणि मग आतली इंद्रियं शरीराच्या आतल्या भिंतीवर. हृदयातून निघणारी महाधमनी वर कमानीसारखी वळते. तिचा कमानीचा भाग हलू शकतो, पण पाठीच्या कण्याला लागून खाली जाणारा भाग जखडलेला असतो. जबर धक्क्यात हृदय एकीकडे झोकांडतं आणि ती त्या सांध्याजवळ फाटते. असं झालेले बहुतेक लोक दवाखान्यापर्यंत पोचत नाहीत. डॉक्टरांनी त्याच्या घरच्यांना जे सांगितलं ते हेच. तू लिहिलंस की मला सलाइन लावत बसले तेवढ्यात त्याला बाहेर काढलं असतं तर? नसता वाचला गं. तुझा पाय अडकलाय हे तुला कळायच्या आत सगळं संपलं होतं.

आणि ते सलाइन. "दोन तास मी ओरडत होते, ओढून काढायचं सोडून ते सुई टोचत बसले," हा तुझा राग अजून गेलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते तेव्हा ढिगाऱ्याखालून शुद्धीवर असलेली, बोलणारी माणसं बाहेर काढली जात आणि काही दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊन जात. एरिक बायवॉटर्स आणि त्याच्या सहकाऱ्याने १९४१ मध्ये ते नोंदवलं. दाबाखाली चिरडलेल्या स्नायूंमधून पोटॅशियम आणि लाल प्रथिन सुटतं. दाब आहे तोवर ते पायातच कोंडून राहतं. दाब काढला की एकदम रक्तात येतं. पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं आणि ते प्रथिन मूत्रपिंडात अडकून बसतं. म्हणून दाब काढायच्या आधीच शिरेतून पाणी सुरू करायचं असतं. ती सुई टोचणारी मुलगी तुझ्या ओरडण्याने घाबरून घाईला आली असती, तर मी आज हे पत्र कुणाला लिहिलं असतं?

तुझ्यासारखा प्रश्न पडलेल्या दोघींबद्दलही वाचलं. २६ जानेवारी १९७२ रोजी १०,१६० मीटरवर विमान फुटलं तेव्हा व्हेस्ना वुलोविच ही हवाई सेविका विमानाच्या तुटलेल्या तुकड्यात अडकून खाली आली. तो तुकडा झाडांतून बर्फाच्या उतारावर घसरला. विमानात २८ जण होते, ती एकटी उरली. जग तिला भाग्यवान म्हणायचं. ती म्हणायची, मी भाग्यवान नाही, भाग्यवान असते तर हा अपघातच झाला नसता. त्याच्या महिनाभर आधी पेरू देशातल्या जंगलावर युलियाने कोपके नावाची मुलगी विमानातून सीटच्या रांगेसकट सुमारे तीन किलोमीटर खाली पडली. वय १७. आईवडील जंगलातच संशोधन करायचे, त्यामुळे पाण्याच्या कडेने चालत गेलं की वस्ती लागते हे तिला माहीत होतं. गळपट्टीचं हाड मोडलेलं, दंडाच्या जखमेत किडे, तशी ती अकरा दिवस जंगलात होती. विमानात शेजारच्या सीटवर तिची आई होती. मी एकटीच का, हा प्रश्न तिचाही सुटला नाही. ती प्राणिशास्त्रज्ञ झाली, आईवडिलांचं ते जंगलातलं केंद्र तिने पुढे चालवलं, पण प्रश्न राहिलाच.

तुझाही राहील. मी तो सोडवायचा प्रयत्न करत नाहीये. फक्त त्यात तुझा काही दोष शोधू नकोस, कारण मी शोधला आणि मला सापडला नाही. झाडाचा बुंधा होता, कोन होता, वीतभर जागा होती.

एक गोष्ट मात्र तुझ्याच पत्रात आहे आणि तू ती घाईत लिहून पुढे गेलीस. निघताना तू पट्टा लावला नव्हतास, मागे वळून पिशवी चाचपत होतीस. त्याने किल्ली फिरवायचं थांबून म्हटलं, "आधी पट्टा." मी ते वाक्य किती वेळा वाचलं सांगू? वर मांडलेल्या हिशेबातले ७० सेंटीमीटर तिथून आले.

त्याच्या आईने तुझ्यासाठी दोनदा निरोप पाठवला, असं तू लिहिलंस. त्या काय विचारतील याची तुला भीती वाटते. मला वाटतं, त्यांना तो शेवटचं काय बोलला ते ऐकायचं असेल, आणि ते फक्त तुला माहीत आहे. तुझा पाय टेकायला लागला की कळव. गाडीत बसायची हिंमत होत नसेल तर आपण रेल्वेने जाऊ. मी बरोबर येते, तू म्हणशील तर बाहेर थांबेन.

तुझी पर्स माझ्याकडे आहे. आतला चष्मा शाबूत आहे.

तुझी,
शैला