तेलाच्या बाटलीला पाचशे रुपये?

संपादक महोदय,

मी मिरजेच्या मिशन इस्पितळात शिकलेली परिचारिका. लग्नानंतर म्हापशाला आले, इथेच नोकरी करून निवृत्त झाले. आमच्या वाड्यावरच्या एका मधुमेही बाईने एका उपदेशकाच्या सभेत ऐकून इन्शुलिन बंद केले, म्हणून हे पत्र.

फ्रिजच्या दारात इन्शुलिनची पेने तशीच पडलेली. उशाशी तेलाची बोटभर बाटली, वर त्या उपदेशकाचा फोटो, किंमत पाचशे रुपये. वास घेतला, साधे खोबरेल. पायाच्या अंगठ्याला काळी पडलेली जखम, तिच्यावर ती तेच चोळत होती. "सुई घेतली तर माझा विश्वास कमी पडेल," म्हणाली. त्याच्या हॉलमधल्या सभेत तिला तसेच सांगितले होते. "बी पेरा, शंभरपट मिळेल" म्हणून हातातली पाटलीही तिथेच गेली. मुलगा बोटीवर, घरात विचारणारे कोणी नाही. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेले, पाय वाचला, अंगठा गेला.

आजाऱ्याने मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्यांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे. म्हणजे जायचे त्यांनी, आजाऱ्याच्या घरी! तेलाच्या दराचे तिथे नावही नाही. रोगी बरे करायला शिष्यांना धाडताना येशूने बजावले, फुकट मिळाले, फुकट द्या. शोमरोनात शिमोन जादूगार पवित्र आत्म्याचे दान विकत घ्यायला आला, तेव्हा पैशांसकट तुझा नाश होवो, असे येशूचा शिष्य पेत्र याने त्याला सुनावले. प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरी. आरंभीच्या मंडळ्यांच्या 'दिदाखे' या नियमपुस्तिकेत तर स्पष्टच आहे: आत्म्याच्या नावाने पैसे मागणाऱ्याचे ऐकू नका, गरजूंसाठी मागत असेल तर दोष देऊ नका. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, चर्चला मीही देते. त्याचा हिशेब आमच्याकडे वार्षिक सभेत वाचतात. त्या हॉलमध्ये पावतीसुद्धा दिली नाही.

मधुमेह बरा करणाऱ्या औषधाची किंवा चमत्कारी उपायाची जाहिरात करणे 1954 च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. पोलिसांनी त्यांचे काम करावे. पण माझे मागणे पाद्री आणि पाळकांकडे आहे. बाहेरच्यांनी बोट दाखवले की आपण ख्रिस्ती लोक चिडतो, आणि आपल्यातले लांडगे दिसत असून गप्प बसतो. येत्या रविवारी उपदेशात एवढे तरी सांगा, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी औषध सोडू नये. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, हेही सांगा. आणि ज्यांच्या घरात अशी बाटली आली आहे, त्यांनी आजाऱ्याची साखर आजच तपासून घ्यावी.

— एक निवृत्त परिचारिका, म्हापसा