60 रुपयांची रिंग बदलत नाहीत, म्हणून गाडी फाटफाट वाजते

माननीय संपादक, स.न.वि.वि.

पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवल्याचे फोटो पेपरात नेहमी येतात. कारवाई बरोबरच आहे, मुद्दाम फटाके फोडत फिरणाऱ्यांची बाजू मला घ्यायचीच नाहीये. पण काही गाड्या नुसत्या फिटिंग नीट न केल्यामुळे बोंबलतात, त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून हे पत्र.

माझी मोटरसायकल 2021 ची, बीएस-6 म्हणजे प्रदूषणाच्या नवीन नियमांतली. पडल्यावर सायलेन्सर चेपला म्हणून बाहेरचा घेतला, तोही आत जाळी असलेला, कमी आवाजाचा. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनापासून सायलेन्सरकडे जाणाऱ्या बेंड पाइपात आहे, त्याला हात लावला नाही. गॅरेजवाल्याने तासाभरात बसवून दिला आणि दुसऱ्याच दिवशी यवतेश्वरचा घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की फाट-फाट सुरू, रस्त्यातली माणसं वळून बघायला लागली. दोनदा परत गेलो तर म्हणे नवीन आहे, बसेल आवाज. अ‍ॅव्हरेज 40 वरून 34 वर आलं.

शेवटी ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी इंजिन थंड असतानाच चालू केलं, ओल्या फडक्याचा बोळा सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर दाबला आणि म्हणाले ऐक. पुढून, इंजिनाच्या वरच्या भागाजवळून म्हणजे हेडजवळून, सूं-फट सूं-फट. तिथे बोटभर काळी काजळी पण उमटलेली, मी रोज गाडी पुसतो तरी मला दिसली नव्हती.

झालं असं होतं की नवीन सायलेन्सर ब्रॅकेटला जुळेना म्हणून गॅरेजवाल्याने हेडवरचे दोन नट सोडून बेंड पाइप हलवला आणि जोडातली फट बंद करणारी आतली जुनी रिंग (गॅस्केट) तशीच ठेवून परत आवळली. ही रिंग एकदा दबली की दबली, दुसऱ्यांदा ती फट भरत नाही. मागच्या जोडावर तर रिंगच नव्हती, लाल सिलिकॉन थापलेलं, ते जळून पापडासारखं सुटत होतं. सिलिकॉनच्या ट्यूबवर 300-350 डिग्री लिहिलेलं असतं, हेडमधून निघणारा गॅस त्याच्या दुप्पट गरम असू शकतो, तिथे ते टिकणार कसं.

मिस्त्रींनी सांगितलेलं मला पटलं. फटीतून धूर बाहेर जातो तेवढंच नाही, धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आत पण ओढली जाते. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर न जळलेलं पेट्रोल पाइपात येतं, त्याला ही हवा मिळाली की ते तिथेच पेटतं, तोच फाट आवाज. शिवाय बीएस-6 ला धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, त्याच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला गळती असली की त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल सोडतो. माझं अ‍ॅव्हरेज तिथेच गेलं.

त्यांनी जुनी रिंग हळूहळू उचकटून काढली, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला ओरखडा जाऊ नये म्हणून घाई केली नाही, बसायची जागा पुसून घेतली, नवीन रिंग टाकली. मागे ग्राफाइटची रिंग आणि क्लॅम्प. आधी सगळे बोल्ट हाताने नुसते धरवले, मग हेडचे दोन नट आलटून पालटून थोडे थोडे, मग क्लॅम्प, ब्रॅकेटचा बोल्ट सगळ्यात शेवटी, म्हणजे पाइप ताणात राहत नाही. गाडी एकदा तापवून पूर्ण गार झाल्यावर नट परत बघितले. हेडच्या रिंगचे 60 रुपये झाले.

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली जास्त आवाजाला पहिल्या गुन्ह्यातच 10 हजारांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि ही शिक्षा गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्याला. म्हणून गॅरेजवाल्यांना माझी कळकळीची विनंती, सायलेन्सर बसवताना जोड उघडला तर रिंग नवीन टाका आणि काढलेली जुनी गिऱ्हाइकाच्या हातात द्या. आणि संपादकसाहेब, पुढच्या वेळी रोलरचा फोटो छापाल तेव्हा खाली दोन ओळी ओल्या फडक्याच्या त्या तपासणीबद्दल छापा, पण इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत आणि हाताला जाड हातमोजा घालूनच करा हे त्यात नक्की लिहा.

— एक वाचक, सातारा