धुण्याचा दगड

ऐरोली, रविवार

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

जुन्या दफनाचं खोदकाम आटोपून परवा पहाटे ठाण्याला उतरले. बुटांवरची काळी माती बघून रिक्षावाल्यानं विचारलं, "गावाकडनं का ताई?" ऐरोलीपर्यंत त्याला सगळी कहाणी सांगत आले.

आई, तू फोनवर विचारलंस, मेलेल्या माणसाला उकरताना काही वाटत नाही का गं? वाटतं. पहिल्या दिवशी कुदळ मारायच्या आधी कामावरच्या बायांनी नारळ फोडला, उदबत्ती लावली. मीही हात जोडले.

बाबा, तुम्हाला नीट सांगते. मोठाल्या धोंड्यांचा गोल, म्हणजे शिळावर्तुळ, आणि आत जरासा उंचवटा. त्याचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन आधी खणतात, म्हणजे मधल्या उभ्या कापात थर दिसतात. वर दगडगोटे, खाली चिकट काळी माती. घमेलं उपडं केलं तरी सुटत नाही! तळाशी मडकी, बुडाला तांबडी आणि तोंडाला काळी. उपडी भाजली की असा रंग येतो. हाडं म्हणाल तर मूठभर तुकडे. देह आधी दुसरीकडे ठेवून उरलं ते इथं आणलं असावं, आपण अस्थी सावडतो तसं.

शेजारी लोखंडी कुऱ्हाड होती. बांबूच्या काडीनं ती मोकळी करायला मला दीड दिवस लागला. गंज फुगून पापुद्रे सुटत होते, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी चांगली कामाची कुऱ्हाड मातीत ठेवून रिकाम्या हातानं घरी गेलं. आजोबांच्या तेराव्याला तुम्ही पानाशेजारी त्यांचा अडकित्ता ठेवला होता, तो आठवला. नागपूरजवळच्या माहुरझरीला तर 1970 ते 72 च्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांना माणसांबरोबर घोडेही पुरलेले सापडले. तोंडावर तांब्याचा साज, लोखंडी लगाम. पोळ्याचा बैलच म्हणा ना.

आता मुद्द्याचं. नागपूरजवळच्याच जुनापाणीच्या शिळावर्तुळांतल्या काही दगडांवर ओळीनं कोरलेले छोटे खळगे आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं 1879 मध्ये त्यांबद्दल लिहिलंय. काल गॅलरीत बसून तसल्याच एका दगडाचं चित्र शाईनं पक्कं करत होते आणि हात थांबला. आई, आपल्या विहिरीवरचा धुण्याचा दगड! त्यातल्या खळग्यांत मी चिंचोके भरायचे, तू ओरडायचीस. पाण्यानं झिजलाय असंच आपण समजत होतो. पाणी कधी सारखं अंतर मोजून झिजवतं का?

बाबा, तो दगड आजोबांनी टेकडीवरून बैलगाडीत आणला, असं पुसट ऐकल्यासारखं वाटतं. खरं का? तुम्ही गुरं चारायला जायचात तेव्हा तिथं किती गोल होते? निम्मे तर बांधात आणि घरांच्या पायात गेले असणार. विहीर, बाभूळ, गुरांची वाट धरून आठवतील तसे कागदावर मांडून ठेवा. हिशेबाच्या वहीचं पान चालेल. मात्र त्यासाठी टेकडी चढू नका, गुडघ्यानं मागच्या वेळी काय केलं ते आईला विचारा.

पोळ्याला येतेय, मोजपट्टी घेऊन. आई, तोवर धुणं तिथंच धू, पण दगडाला तारेची घासणी लावू नकोस.

तुमची,
मनू