खाती वेगळी, विहीर एकच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावच्या प्रस्तावित उद्यानावर आपल्या अंकात गेल्या पंधरवड्यात दोन पत्रे आली. टँकरच्या गावाला कारंजे कशाला, असे पहिल्याने विचारले. दुसऱ्याने पहिल्याला विकासाच्या वाटेतला धोंडा ठरवून टाकले. दोघेही माझ्या ओळखीचे. एकाच्या ओटीवर तर मी परवाच चहा प्यालो. तेव्हा गावाचे नाव इथे लिहीत नाही. शहापूर तालुका, आसनगावला उतरून पुढे यायचे, एवढे पुरे.

मी एका महापालिकेच्या उद्यान विभागात माळी म्हणून लागलो आणि मुकादम होऊन निवृत्त झालो. म्हणजे बाग नको म्हणणाऱ्यांत माझी गणना कुणी करू नये. पण या उद्यानाचा कागद ग्रामसभेत वाचला गेला तेव्हा मला झाडे आठवली नाहीत, पाइप आठवला. सकाळी सहाला नळाला लावायचा आणि उन्हे चढायच्या आत लॉन भिजवून गुंडाळून ठेवायचा, तो हिरवा पाइप.

कागदावर काय आहे ते थोडक्यात सांगतो. तळ्याच्या वरच्या अंगाला गुरचरणातली दोन एकर जागा. त्याला कुंपण, कमान, पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, कारंजे, एक हायमास्ट, सेल्फी पॉइंट आणि अर्धा एकर मेक्सिकन लॉन. बराचसा पैसा जिल्हा नियोजन समितीकडून येईल आणि उरलेला पेसाच्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) अबंध निधीतून घालावा, असे म्हणणे आहे. खर्चाचा आकडा मी मुद्दाम लिहीत नाही. आकडा छापला की सगळे आकड्यावरच भांडतात.

उद्यान हवे म्हणणाऱ्यांचे एक म्हणणे मला पटते आणि ते नीट मांडले गेलेले नाही. टंचाईचा पैसा वेगळा, उद्यानाचा वेगळा. वित्त आयोगाच्या पैशातला बंधित, म्हणजे कामे ठरवून दिलेला भाग पाणी आणि स्वच्छतेवरच लागतो. त्याला उद्यानासाठी हात लावता येत नाही. तसाच जिल्हा नियोजनातून उद्यानाला आलेला पैसा आपण नाकारला म्हणून तो आपल्या विहिरीकडे वळत नाही, दुसऱ्या गावाची कमान उभी राहते. तेव्हा 'बाग नको, पाणी द्या' ही घोषणा कानाला बरी वाटते, पण सरकारी हिशेबात तिला जागाच नाही.

पण माझा प्रश्न उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो.

हिशेब साधा आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात लॉन हिरवे ठेवायचे तर दिवसाला पाचेक मिलिमीटर पाणी लागतेच. कमी दिले की कडा पिवळ्या पडतात आणि मग साहेब विचारतात. अर्धा एकर म्हणजे दोन हजार चौरस मीटर. गुणाकार केला तर रोज दहा हजार लिटर, म्हणजे गावात येतो तो एक अख्खा टँकर. टंचाईत माणशी २० लिटर धरून टँकर मंजूर होतो, त्या मापाने हे ५०० माणसांचे पाणी. जलजीवन या घरोघरी नळाच्या योजनेच्या ५५ लिटरच्या मापाने धरले तरी १८० माणसांचे. कारंजे आणि रोपे यात मी धरलेलीच नाहीत.

हे पाणी कुठून येणार? ग्रामपंचायतीच्या विहिरीवरून. विजेचे बिल, मोटरची दुरुस्ती, माळ्याचा पगार कुणी द्यायचा? घरपट्टी आणि पाणीपट्टीतून, नाहीतर वित्त आयोगाच्या अबंधित भागातून. बांधायला वरून पैसा मिळतो, राखायला मिळत नाही. खाती वेगळी आहेत हे खरे, पण विहीर एकच आहे.

शहरात हे भागत होते, कारण तिथे सांडपाणी असते. नवी मुंबईत प्रक्रिया केलेले सांडपाणी बागांना दिले जाते, आणि ते शहाणपणाचे आहे. आमच्या गावात प्रक्रिया करण्याइतके सांडपाणी तरी कुठे आहे! मोरीचे पाणी परसातल्या केळीला जाते, तिथेच संपते. माझ्या नोकरीत एक बाग होती, तिचे कारंजे उद्घाटनाला उडाले आणि पुढे फक्त पाहुणे येणार असले की उडायचे. एरवी त्या हौदात डासांच्या अळ्या. औषध मारायला आम्हीच जायचो. तिथे निदान महापालिका होती. इथे एक ग्रामसेवक, तोही दोन गावांना मिळून.

वर या तालुक्याची गोष्ट मुळातच कडू आहे. इथले तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देते आहे. मुंबईच्या सात तलावांच्या साठ्यात जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा, तेही याच तालुक्यातले. पाऊस म्हणाल तर जिल्ह्यात सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण खाली काळा कातळ, पाणी जिरतच नाही, होळी झाली की विहिरीचा तळ दिसायला लागतो. अशा गावात बायका हंडा घेऊन रांगेत उभ्या आणि शेजारी स्प्रिंकलर फिरतोय, हे चित्र पहिल्याच मे महिन्यात दिसेल. मग एक दिवस कुणीतरी पाइप कापील. मी असतो तर मीही कापला असता.

अबंध निधीबद्दल थोडे स्पष्ट लिहायला हवे. शहापूर तालुका सबंध अनुसूचित क्षेत्रात येतो. २०१५ च्या शासन निर्णयाने आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळू लागला. त्याच्या कामांत वनीकरण आणि जलसंधारण बसते, आणि उद्यान म्हणजे वनीकरणच की, असे सभेत एकजण म्हणाला. अहो, मेक्सिकन लॉन आणि रॉयल पाम म्हणजे वनीकरण असेल तर लग्नाचा मंडपही वनीकरणात धरा. हा पैसा पाड्यांवरच्या लोकांच्या नावाने येतो. ज्या दोन एकरांना कुंपण पडणार, त्यातून कातकरी वाडीची पायवाट जाते आणि तिथेच त्यांच्या शेळ्या चरतात. २६ जानेवारीची सभा तहकूब झाली ती याच पायवाटेवरून, हे दोन्ही पत्रांत आले नाही.

उद्यान रद्द करा असे मात्र मी म्हणणार नाही. भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी पहाटे अंधारात नाशिक हायवेच्या कडेने धावतात, बाजूने कंटेनर जातात. माझी पुतणी त्यांच्यात आहे. त्यांना जागा हवी आणि ती मिळालीच पाहिजे. फक्त ती पेव्हर ब्लॉकची नको. ब्लॉकवर रोज धावले की नडग्या धरतात, आणि दुसऱ्या पावसात ब्लॉक वरखाली होतात ते वेगळेच. मुरूम टाकून रोलर फिरवा. चौकोनी दोन एकराच्या कडेने एक फेरी साडेतीनशे मीटरच्या आसपास भरते, साडेचार फेऱ्यांत भरतीचे १६०० मीटर झाले. यापेक्षा काय हवे?

लॉनच्या जागी काहीच लावू नका. जूनमध्ये तिथे आपोआप गवत उगवते, आपल्या वरकस जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उगवत आले आहे. दिवाळीनंतर ते कापून न्यायला शेळ्या-गुरेवाल्यांना मोकळीक द्या. लॉन कापायचे यंत्रही घ्यायला नको. कडेने बहावा, ऐन, मोह, जांभूळ, करंज, उंबर लावा. पहिल्या पावसात लावलेले रोप दोन उन्हाळे जगवले की पुढे पाणी मागत नाही. त्या दोन उन्हाळ्यांसाठी रोपाशेजारी सच्छिद्र मडके पुरायचे, आठवड्याला भरायचे आणि आळ्यावर पेंढा घालायचा. हे मी करून पाहिले आहे, आमच्या दारातला मोह असाच जगला. पायवाट आहे तिथेच ठेवून कुंपणाला तिथे जागा सोडली तर कुणाचे काही बिघडत नाही. कमान आणि सेल्फी पॉइंट गाळल्याने जो पैसा वाचेल तो तळ्यातला गाळ काढायला वळवता येतो का, एवढे मात्र तांत्रिक मंजुरीच्या आधीच विचारावे लागेल. एकदा अंदाजपत्रकावर सही झाली की माळी काय आणि सरपंच काय, सगळे सारखेच.

महिला सभेत बायकांनी दोनच गोष्टी मागितल्या होत्या, दिवा आणि संडास. दिवा हायमास्ट होऊन कागदावर आला. संडास आलाच नाही. कारंजे कुणी मागितले होते, हे मला अजून कळलेले नाही.

१ मेच्या ग्रामसभेत विषय पुन्हा येणार आहे. त्या दिवशी अंदाजपत्रकाबरोबर आणखी एक कागद वाचला जावा, एवढीच माझी मागणी आहे. पुढची दहा वर्षे दर महिन्याला या उद्यानाला पाणी किती, वीज किती, माणूस कोण आणि पैसा कुठल्या खात्यातून, हे त्यावर लिहिलेले असावे. तो कागद तयार नसेल तर सभा आणखी एकदा तहकूब झाली तरी चालेल.

दोन्ही पत्रलेखकांना एक निरोप. बहाव्याच्या शेंगा आत्ता झाडावर वाळल्या आहेत. बी कठीण असते, गरम पाण्यातून काढून रात्रभर भिजत घालावे लागते, तेव्हा कुठे रुजते. मृगाला रोपे हातात हवी असतील तर पिशव्या आत्ताच भरायला घ्याव्या लागतील. माती आणि शेणखत माझ्याकडे आहे. पिशव्या त्यांनी आणाव्यात, आणि शक्यतो दोघांनी एकाच दिवशी यावे.

आपला,
एक निवृत्त माळी
शहापूर तालुका, जि. ठाणे