अंतराला वेगाने भागून विमानप्रवासाचा वेळ निघत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबई आणि दिल्लीपासून परदेशी विमानतळांचे अंतर व तेथे पोहोचण्यास लागणारा वेळ यांचे कोष्टक प्रसिद्ध झाले होते. त्यातील वेळ हा अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागून काढलेला आहे, हे कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर लगेच ध्यानात येते. मुंबई-लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणून आठ तास. प्रत्यक्ष वेळापत्रकात मात्र लंडनला जाण्यासाठी नऊ तासांहून अधिक वेळ दिलेला असतो आणि परतीचा प्रवास त्यापेक्षा लवकर होतो. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो, त्यामुळे धावपट्टीपाशी लागलेली रांगही त्यात येते. जाण्या-येण्यातील फरक मुख्यतः वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांमुळे, म्हणजे जेट स्ट्रीममुळे पडतो. (पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला लवकर पोहोचायला हवे, हा युक्तिवाद मी भूगोलाच्या तासाला दरवर्षी ऐकत आलो, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, हे विद्यार्थी विसरत.)

कोष्टकात दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर दिले आहे. हे योग्यच आहे, पण ते पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलेले, उत्तर ध्रुवाच्या जवळून जाणारे अंतर आहे, आणि विमान त्याच दोऱ्यावरून जाईल असे नाही. एअर इंडियाचे याच मार्गावरील विमान पूर्वी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ऑक्टोबर २०१६मध्ये ते पूर्वेकडे वळवून पॅसिफिकवरून नेण्यात आले. अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर झाले, म्हणजे तब्बल १,४०० किलोमीटरने वाढले, तरी पाठीशी वारा असल्यामुळे विमान साडेचौदा तासांत, म्हणजे जुन्या मार्गापेक्षा लवकर पोहोचले. भागाकाराने हे उत्तर कधीच मिळाले नसते.

हवाई हद्दींचा प्रश्न तर वेगळाच आहे. फिनएअर या फिनलंडच्या विमान कंपनीच्या हेलसिंकी-टोकियो प्रवासाचा वेळ पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास होता, तो २०२२मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाल्यावर तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही विमानतळ होते तिथेच आहेत. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाशांनाही हाच अनुभव आला.

मुला-नातवंडांना भेटण्यासाठी प्रथमच एकटे निघालेले अनेक ज्येष्ठ नागरिक अशी कोष्टके कापून जपून ठेवतात. इन्सुलिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ आखताना त्यांना अंतराचा काहीच उपयोग नसतो. तिकिटावरील निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असते, त्यामुळे त्यांची वजाबाकीही फसवी ठरते. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेबारा.

तरी पुढील वेळी अंतराच्या रकान्याशेजारी विमान कंपनीच्या चालू वेळापत्रकातील जाण्याचा आणि येण्याचा वेळ स्वतंत्रपणे द्यावा, आणि तो कोणत्या महिन्यातील वेळापत्रकावरून घेतला तेही खाली छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा